डोंगर पाच वर्षे बंद : दरेवाडीचे प्रकरण

संगमनेर म्हटले की प्रवरेचे पाट, ऊस आणि दूध डोळ्यांपुढे येते. त्याच तालुक्याच्या कोरडवाहू भागातल्या दरेवाडीला १९९६ पर्यंत उन्हाळा आला की टँकरची वाट पाहावी लागे. पाऊस वर्षाला साधारण ४५० मिलिमीटर, तोही चार-सहा सरींत आटोपणारा. पाणलोटाचे, म्हणजे पावसाचे पाणी वाहून एका नाल्यात उतरते त्या भागाचे, क्षेत्र सुमारे १,५०० हेक्टर. लोकसंख्या नऊशेच्या घरात आणि तीही वाड्यावस्त्यांवर विखुरलेली. वरच्या अंगाला वनखात्याचे उघडे डोंगर, खाली बाजरीची मुरमाड राने. शेतात काम मिळायचे वर्षातून तीन-चार महिने, एरवी पोटासाठी गाव सोडायचे.

१९९६ ते २००१ या काळात इथे पाणलोटाचे, म्हणजे पावसाचे पाणी डोंगरापासून खाली अडवून मुरवण्याचे, काम झाले. ते करणाऱ्या 'वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट' या संस्थेचे मूळ नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या कॅथलिक मिशनच्या कामात आहे. दरेवाडीवर लिहिताना बहुतेक जण बंधारे मोजतात. बंधारे मोजणे सोपे असते. गावाचा कस लागला तो डोंगर चराईला बंद करण्यात, आणि ही बंदी सर्वांत जास्त कोणाच्या चुलीपर्यंत पोचली यात. म्हणून या टिपणात त्या बाजूला जास्त जागा दिली आहे.

फादर इथवर कसे आले

स्विस येशूसंघीय (जेझुइट) फादर हर्मन बाखर १९४८ साली भारतात आले आणि पुढची कित्येक दशके नगर जिल्ह्यात राहिले. मिशनच्या कामाची तेव्हाची घडी ठरलेली होती : शाळा, बोर्डिंग, दवाखाना आणि अडल्यानडल्याला धान्य. कंपाउंडच्या फाटकाशी येणारा माणूस गरजू आणि आत बसलेले फादर मायबाप. हे नाते प्रेमाचे असले तरी त्यात देणारा आणि घेणारा यांच्या जागा कधी बदलत नाहीत.

१९७२ च्या दुष्काळाने या घडीची मर्यादा उघडी पाडली. कामाच्या बदल्यात धान्य देऊन माणसे जगवता आली, पण त्या कामातून गावात काय उरले, हा प्रश्न पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उभा राहिला. विहिरी खोदून दिल्या तरी शेजारच्या विहिरीचे पाणी उतरते, कारण जमिनीत मुरणारे पाणी तेवढेच असते. भांड्यात पाणीच कमी असेल तर नळ्या वाढवून काय होणार?

याच सुमारास येशूसंघातही वारे बदलले. १९७४-७५ च्या बत्तिसाव्या महासभेने श्रद्धेची सेवा आणि न्यायासाठीचे काम एकमेकांपासून वेगळे काढता येणार नाही, असे ठरावात मांडले. रोममधल्या ठरावाचा नगरच्या मुरमाशी संबंध काय, असे वाटेल. पण धर्मगुरूने आपला दिवस कशात घालवायचा हे अशा ठरावांनी ठरत असते. पाणलोटासाठी दिवसभर उन्हात फिरणारा फादर 'खरे मिशनचे काम सोडून भलतीकडे गेला' असे म्हणणाऱ्यांना त्यामुळे उत्तर मिळाले.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस बाखर यांच्या पुढाकाराने भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची आखणी झाली. पैसा जर्मन सरकारचा आणि तो नाबार्ड या शेती व ग्रामविकासाच्या बँकेमार्फत यायचा. प्रत्यक्ष कामे १९९२ पासून सुरू झाली. गावाची तयारी करून घेण्यासाठी वेगळी संस्था हवी म्हणून १९९३ च्या डिसेंबरात 'वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट' स्थापन झाला. क्रिस्पिनो लोबो हे बाखर यांचे या कामातले साथीदार. गावोगाव या संस्थेला 'वॉटर' म्हणतात. ती धर्मप्रांताच्या नावावर ठेवली नाही, स्वतंत्र धर्मनिरपेक्ष न्यास म्हणून नोंदवली. हा निर्णय वरवर कारकुनी वाटतो. पण फादर गावात आले की 'बाटवायला आले' ही कुजबूज ठरलेलीच. संस्थेचे हिशेब वेगळे, कर्मचारी सर्व समाजांतले, मदतीच्या अटी सर्वांना सारख्या आणि बैठक गावाच्या नेहमीच्या जागी, मग ती देवळाच्या ओट्यावर का असेना. कुजबुजीवर उपाय म्हणून इतकेच करता येते. खुलासे देत बसलेल्या संस्थांचे खुलासेच जास्त चर्चिले जातात.

आधी गावाची परीक्षा

या कार्यक्रमात गाव निवडण्याच्या अटी कडक होत्या. अवर्षण, उतार आणि धूप तर हवीच. शिवाय गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान मान्य करायचे, जास्त पाणी पिणारी पिके टाळायची. प्रत्येक घरातून आधी चार दिवस फुकट श्रमदान करायचे. जे गाव चार दिवस टिकत नाही ते पाच वर्षे टिकणार नाही, असा त्यामागचा व्यवहार.

पुढची पायरी पाणलोट समितीची. ती मतपेटीने निवडायची नाही, ग्रामसभेत सहमतीने बसवायची. प्रत्येक वस्तीचा, प्रत्येक समाजाचा आणि भूमिहीनांचा माणूस तिच्यात हवा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे सरपंचाच्या बैठकीतले पाच जण आणि त्यांच्या घरातल्या दोन बायका घालून कागद पूर्ण करणे. अशा समितीत चराईबंदीचा ठराव बिनविरोध होतो, कारण विरोध करणारा माणूस खोलीत नसतो. तो डोंगरावर मेंढरांमागे असतो.

मग शिवारफेरी आणि गटवार आखणी. सातबारा घेऊन प्रत्येक गटात जायचे, नवरा-बायको दोघांनाही बोलवायचे. बांध कुठून घालायचा, पाणी कुठून सोडायचे, पडीक तुकड्यावर काय लावायचे हे त्यांच्याच तोंडून घ्यायचे आणि सह्या घ्यायच्या. एकट्या पुरुषाशी बोलले तर विहीर आणि बांध यांची चर्चा होते. बाई बरोबर असली की सरपण, चारा आणि पाण्याची खेप हे विषय निघतात, आणि पुढे तेच बंदीच्या आड येतात किंवा तिला तारतात.

तयारीचा हा टप्पा वर्ष-दीड वर्षाचा असतो. त्यात पाणलोटाच्या एका तुकड्यावर कामे करून पाहतात. मुकादम, गवंडी, हजेरी लिहिणारी पोरे इथेच घडतात.

माथा ते पायथा

काम नेहमी डोंगरमाथ्यावरून खाली येते. लोकांना आधी नाल्यावरचा बंधारा हवा असतो, कारण तो दिसतो. पण वरचा डोंगर मोकळा ठेवून खाली बंधारा बांधला तर दोन-तीन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो.

माथ्यावर सलग समतल चर खोदतात. रूढ माप ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल. १०० मीटर चरात १८ घनमीटर, म्हणजे १८,००० लिटर पाणी मावते. चरांतले अंतर १० मीटर धरले तर हेक्टरी हजार मीटर चर होतो आणि एका भरण्यात १८० घनमीटर पाणी थांबते. तेवढे पाणी हेक्टरभर पसरले तर १८ मिलिमीटर भरेल. उघड्या डोंगरावर ५० मिलिमीटरची जोरदार सर आली आणि तिच्यातले तिसरा हिस्सा पाणी वाहून निघाले, तरी ते सगळे चरात बसते. हे गणित फळ्यावर मांडले की गावकऱ्यांना चर म्हणजे नुसती खड्ड्यांची रांग वाटत नाही.

समपातळी काढायला ए-फ्रेम पुरते. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वर एकत्र बांधायच्या, मध्ये आडवी पट्टी ठोकायची, शेंड्यावरून दोरीला दगड टांगायचा. सपाटीवर एकदा उभी करून दोरी पट्टीवर जिथे टेकते तिथे खूण करायची, मग फ्रेमच्या दोन पायांच्या जागा अदलाबदल करून दुसरी खूण. दोन खुणांच्या मधोमध तिसरी खूण, ती समपातळीची. वाऱ्यात दगड झुलतो आणि घाईत माणूस झुलत्या दोरीवरच चुना टाकतो. चराचे एक टोक हातभर खाली गेले की सगळे पाणी तिकडे धावते, चर फुटतो आणि जिथे ओघळ नव्हती तिथे नवी ओघळ पडते. चुकीचा चर न खोदलेल्या चरापेक्षा वाईट. म्हणून जाणते मुकादम चरात ठरावीक अंतरावर न खोदलेला आडवा थांबा ठेवतात. एक भाग फुटला तरी सगळा चर रिकामा होत नाही.

खोदलेली माती उताराच्या खालच्या बाजूला, चराच्या काठापासून साधारण एक फूट सोडून टाकायची. काठालाच टाकली तर पहिल्याच पावसात ती परत चरात. मातीच्या भरावावर हॅमाटा गवताचे बी आणि झाडे : सीताफळ, बोर, आवळा, कडुनिंब, करंज, शिरस. शेळी ज्याला तोंड लावत नाही ते सीताफळ पहिल्या वर्षी सर्वांत जास्त जगते, यातच पुढच्या भांडणाची सूचना आहे.

ओघळींत दगडी बांध घालतात. उंची मीटरच्या आत, पाया फूटभर खोल, दोन्ही काठांत बांधाची टोके रुतवलेली, माथा मध्ये खोलगट. टोके रुतवली नाहीत तर पाणी बाजूने वाट काढते आणि बांध तसाच उभा राहून काठ वाहून जातो. दोन बांधांतले अंतर असे ठेवायचे की खालच्याचा माथा वरच्याच्या पायाशी समतल यावा. दगड ओघळीतला किंवा मोकळा पडलेला उचलायचा. उतारावरचा रुतलेला दगड उपटला की त्याच्यामागची माती सुटते. पण मोजमापावर मजुरी असली की जवळचा दगड उपटायचा मोह होतोच.

शेतांत बांधबंदिस्ती आणि दगडी सांडवा. सांडव्याची जागा शेजाऱ्याच्या संमतीशिवाय ठरवली तर तो पावसाळ्यातच फावडे घेऊन येतो. सगळ्यात शेवटी नाल्यावरचे मातीचे आणि सिमेंटचे बांध.

मजुरी आठवड्याला, मोजलेल्या कामावर. जमीनवाल्यांनी अंगमेहनतीच्या खर्चाचा साधारण १६ ते २० टक्के वाटा श्रमाने द्यायचा. भूमिहीनाला मात्र पूर्ण मजुरी. आठ-दहा दिवस पैसे अडकले की मजूर पुन्हा बाहेरची वाट धरतात आणि महिनाभर काम थंडावते. हिशेबाचा कागद ग्रामसभेत वाचून दाखवणे हा नियम नीट पाळला तर निम्म्या अफवा जन्मालाच येत नाहीत.

बंदी

चर खोदून डोंगर हिरवा होत नाही. त्याला तोंड लागता कामा नये. गवताला बी धरू द्यायचे, ते पडून रुजू द्यायचे, मुळे धरू द्यायची. या पावसात त्याला निदान चार-पाच वर्षे लागतात. म्हणून डोंगर पाच वर्षे चराईला बंद.

ज्याच्या दावणीला दोन बैल आणि एक म्हैस आहे, त्याला ही बंदी गैरसोयीची. त्याच्याकडे बाजरीचे सरमाड असते, बांधावरचे गवत असते. ज्याच्याकडे जमीन नाही आणि तीस-चाळीस शेरडे-मेंढरे आहेत, त्याला बंदी म्हणजे दुकानाला कुलूप. पुन्हा बंद होणाऱ्या डोंगराच्या पायथ्याशी तोच राहतो आणि मुरलेले पाणी खाली ज्याच्या विहिरीत उतरते तो दुसराच. दरेवाडीत वरच्या वस्त्यांवरच्या, मेंढरांवर जगणाऱ्या ठाकर कुटुंबांनी बंदीला विरोध केला तो यासाठी. त्यांना 'अडाणी, विकासाचे महत्त्व कळत नाही' म्हणणे हा नुसता अपमान नाही, चुकीचे निदानही आहे. हिशेब त्यांना चांगलाच कळला होता. डोंगराची किंमत ते देणार आणि पाणी बागायतदाराला मिळणार.

त्यामुळे बंदी एकदम न लादता टप्प्याने आणावी लागली. अशा ठिकाणी जमणारी व्यवस्था साधारण अशी असते. डोंगराचे भाग पाडायचे. पहिल्या वर्षी एक भाग बंद, बाकीचे खुले. बंद भागात गुरे सोडायची नाहीत, पण विळ्याने गवत कापून मोळी न्यायला हरकत नाही, तेही बी पडून गेल्यावर, दिवाळीच्या आगेमागे. पहिला भाग कापणीला आला की दुसरा बंद करायचा. चर आणि झाडांच्या कामावर पहिला हक्क भूमिहीन आणि मेंढपाळ घरांचा. राखणदारही त्यांच्यातलाच. डोंगरावर कोण कुठून येतो हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

मोडते कुठे? पहिली जागा म्हणजे समितीतल्याच कोणाची गाय. ती डोंगरावर सापडली आणि दंड माफ झाला की बंदी संपली, पाटी फक्त लटकत राहते. दुसरी, शेजारच्या गावाची गुरे. त्यांनी ठराव केलेला नसतो आणि रात्री शीव दिसत नाही. म्हणून शेजारच्या ग्रामसभेशी आधी बोलणे, वाटेचा पट्टा मोकळा ठेवणे, त्यांनाही मोळीचा हक्क देणे. तिसरी, फिरस्त्या धनगरांचा वाडा. तो दरवर्षी ठरल्या वाटेने येतो, शेतकरी त्याला खतासाठी स्वतः रानात बसवतात आणि मग तीच मेंढरे डोंगरावर चढतात. बोलावणारा आणि बंदी करणारा एकच गाव, हे मान्य केल्याशिवाय तोडगा निघत नाही. चौथी जागा ज्या घरात कुणी मोजत नाही तिथली. चरायला जाणारे जनावर दावणीला बांधले की त्याचा चारा बाईच्या डोक्यावरून येतो. शेण काढणे, पाणी पाजणे, कडबा टाकणे हे तिचे काम दीडपट होते. कुऱ्हाडबंदीने सरपणाची खेप लांबते. म्हणून महिला बचत गट आणि त्यांची संयुक्त महिला समिती ही शोभेची जोड नाही. बंदीचा रोजचा बोजा तिथे बोलला जातो आणि बिनधुराची चूल किंवा गोबरगॅस कोणाला आधी, हे तिथे ठरते.

शेरडे विकावी लागली तर ती एका वेळी विकू देऊ नयेत. गावातल्या दहा घरांनी एकाच बाजारात कळप नेला की व्यापारी भाव पाडतात, आणि मेंढपाळाची वर्षांची पुंजी एका सकाळी निम्मी होते. टप्प्याने बंदी करण्याचा हा कमी सांगितला जाणारा फायदा.

आणखी एक बाब. वरचा डोंगर वनखात्याचा. गावाने पाच वर्षे राखला तरी गवतावर हक्क कोणाचा, हे कागदावर ठरलेले नसेल तर सहाव्या वर्षी राखण्याची उमेद राहत नाही. संयुक्त वन व्यवस्थापनाची, म्हणजे वनखाते आणि गाव यांनी मिळून वन राखण्याची, बोलणी कामाच्या शेवटी करायची नसतात, पहिल्या ठरावाच्या आधी करायची असतात.

काय हाती आले

२००१ मध्ये काम गावाच्या समितीकडे सोपवले गेले. तोवरचा फरक असा : भूजलाची पातळी साडेसहा मीटर खोलीवरून तीन मीटर खोलीच्या आसपास वर आली. टँकर थांबला. शेतीतले काम वर्षातून तीन-चार महिन्यांऐवजी नऊ-दहा महिने मिळू लागले. मजुरी दिवसाला २०-३० रुपयांवरून ४०-५० रुपयांवर गेली. जमिनीची किंमत हेक्टरी १५,००० रुपयांच्या आसपास होती, ती ६५,००० च्या घरात पोचली. वॉटरने पुढे इथेच प्रशिक्षण केंद्र उभारले आणि १९९९-२००० च्या केंद्रीय अर्थसंकल्पातून नाबार्डमध्ये पाणलोट विकास निधी उभा राहिला. बाखर २०२१ साली स्वित्झर्लंडमध्ये वारले.

मजुरी वाढणे हा भूमिहीनाचा वाटा, जमिनीची किंमत वाढणे हा जमीनवाल्याचा. दोन्ही आकडे एका ओळीत लिहिले जातात, पण ते एका घरात जात नाहीत. मजुरी जेमतेम दुप्पट झाली आणि जमिनीची किंमत चौपटीच्या वर गेली, तर भूमिहीनाला जमीन घेणे आधीपेक्षा अवघड झाले.

आणखी दोन आकडे सहसा यशाच्या यादीत टाकले जातात. विहिरी २३ होत्या, त्या ६३ झाल्या. विजेचे पंप नव्हते, ते ५२ झाले. दुष्काळात मिशनने विहिरी वाढवण्याच्या ज्या चुकीवरून बोध घेतला होता, तिच्याकडे परत जाण्याची वाट याच आकड्यांतून जाते.

म्हणून अशा गावांत दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास, पाऊस संपला की पाण्याचा ताळेबंद मांडतात. पर्जन्यमापकावरचा आकडा घ्यायचा. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर. ४५० मिलिमीटरला हेक्टरी ४५ लाख लिटर, १,५०० हेक्टरवर ६७५ कोटी लिटर. त्यातले बरेच उडून जाते, काही वाहून जाते, मुरते ते थोडे. नऊशे माणसांना रोज ५५ लिटर धरले तर वर्षाला १ कोटी ८० लाख लिटर, म्हणजे पडलेल्या पावसाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी. पिण्यापुरता पाऊस दरेवाडीत टँकरच्या काळातही पडतच होता. ताळेबंदात पहिली ओळ माणसांची, दुसरी जनावरांची. उरलेले रब्बीला, आणि ते पुरत नसेल तर कांद्याचे क्षेत्र किती आणि ज्वारी-हरभऱ्याचे किती, हे पेरणीआधी ग्रामसभेत ठरवायचे. एक हेक्टर उसाला वर्षात दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी लागते, म्हणजे सगळ्या गावाच्या वर्षभराच्या पिण्याहून जास्त. हा आकडा खडूने भिंतीवर लिहितात. ज्याच्या विहिरीला पाणी जास्त आहे तो नेमका त्या दिवशी सभेला येत नाही, म्हणून सभा त्याच्या वस्तीवर लावायची.